विंचवाची किंमत

खांदा कॉलनीतल्या आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर एक तरुण राहतो. चांगल्या नोकरीत आहे, वागायला नम्र आहे, जिन्यात भेटला तर हातातली पिशवी काढून घेतो. एका रविवारी संध्याकाळी त्यानं मला वर बोलावलं. म्हणाला, "चाचा, तुम्ही कविता लिहिता ना? मग या, एक गंमत दाखवतो." मला वाटलं, एखादं जुनं पुस्तक असेल. त्यानं खोलीतला दिवा बंद केला आणि हातातली छोटी बॅटरी लावली. नोट खरी की खोटी हे पाहायला दुकानदार जांभळ्या उजेडाची बॅटरी ठेवतात, तसलीच ती होती. टेबलावर एक पारदर्शक प्लॅस्टिकची पेटी, पेटीत नारळाच्या काथ्याचा ओलसर भुसा, आणि त्या भुशावर हिरव्या-निळ्या तेजानं झळाळणारा वीतभर लांबीचा विंचू.

मी दोन पावलं मागं सरकलो. तो हसला. "घाबरू नका चाचा, हा आफ्रिकेतला सम्राट विंचू. चावला तरी मधमाशीइतकंच दुखतं." मी किंमत विचारली. त्यानं सांगितली, तेव्हा मी आणखी एक पाऊल मागं सरकलो. त्या पैशांत एक चांगला मोबाइल फोन आला असता.

हा त्याचा पहिलाच विंचू होता. आणखी दोन आणायचे होते. ते याहून दुर्मीळ, याहून महाग आणि खरोखरचे जहरी असणार होते. परदेशातले हौशी लोक कोणकोणते विंचू बाळगतात, याची यादीच त्याला तोंडपाठ होती. शेवटी तो मोठ्या अभिमानानं म्हणाला, "आणि चाचा, आपल्या कोकणातला लाल विंचूसुद्धा तिकडे लोक पैसे देऊन पाळतात!"

त्यानंतर मला चहा गोड लागला नाही. कारण लाल विंचू आमच्या घरात फुकट येत असे, आणि त्याची किंमत आम्ही वेगळ्या प्रकारे मोजलेली होती.

माझं बालपण महाड तालुक्यात, सावित्रीच्या खोऱ्यातल्या एका गावात गेलं. जांभ्या दगडाच्या भिंती, शेणानं सारवलेली जमीन, मागच्या पडवीत पेंढा आणि लाकडं. अशा घरात विंचवाला वेगळं आमंत्रण लागत नाही. अंथरूण झटकल्याशिवाय निजायचं नाही, चप्पल आपटल्याशिवाय पायात घालायची नाही आणि पेंढ्यात हात खुपसायचा नाही, ही दादीची तीन फर्मानं होती. नमाज पढताना समोर विंचू आला, तर नमाजातही त्याला मारायची मुभा आहे, असं ती सांगायची. शाळेत गुरुजी एकनाथ महाराजांचं विंचवाचं भारूड साभिनय म्हणून दाखवायचे. माणसाच्या विकारांनाच नाथांनी विंचू केलं होतं. गुरुजींच्या उड्या पाहून आम्ही मुलं पोट धरून हसायचो. गावात खरा विंचू चावला की मात्र कुणी हसत नसे.

१९७७ सालची गोष्ट. माझ्या खालाचा मुलगा माझ्याच वयाचा, सात वर्षांचा. भातकापणी झाली होती, खळ्याशेजारी पेंढा रचला होता. खेळता खेळता त्याचा हात पेंढ्यात गेला आणि बोटाला विंचू चावला. आधी तो खूप ओरडला. मग घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय बर्फासारखे गार पडले. विंचू उतरवणारा आला, त्यानं मीठ उतरवलं. मशिदीतल्या बुजुर्गांनी पाण्यावर दुआ पढून पाणी पाजलं. ज्याला जे येत होतं ते त्यानं मनापासून केलं. मध्यरात्रीनंतर त्याला श्वास पुरेना, तोंडाला फेस आला, आणि फजरच्या अजानपूर्वी तो गेला. सकाळी पेंढा उलटला तेव्हा विंचू सापडला. तांबूस, जेमतेम बोटाएवढा.

वीतभर लांबीचा आफ्रिकी विंचू मधमाशीइतका, आणि बोटभर कोकणी विंचू जीव घेणारा, हे कसं? विंचवाच्या दुनियेत आकार आणि विष यांचं गणित बरेचदा उलटं असतं. ज्याचे पुढचे चिमटे जाड आणि शेपूट बारीक, तो भक्ष्य चिमट्यांनीच चिरडतो, त्याला विषाची फारशी गरज नसते. आपल्याकडची मोठी काळी इंगळी या जातीतली. ज्याचे चिमटे बारीक आणि शेपूट जाड, त्याची सारी भिस्त नांगीवर असते. लाल विंचू हा दुसऱ्या प्रकारातला. शास्त्रज्ञ त्याला हॉटेन्टोटा टॅम्युलस म्हणतात. हा ढोबळ नियम आहे. त्यावर विसंबून चावलेल्या माणसानं घरी बसू नये. पण जगात विंचवांच्या अडीच हजारांहून अधिक जाती असताना माणसाचा जीव घेऊ शकतील अशा जाती पन्नासच्या आतबाहेर आहेत, आणि त्यांतली एक नेमकी आपल्या कोकणात, देशावर आणि मराठवाड्यात घराघरांशेजारी राहते.

तिचं विष काय करतं? आपल्या मज्जातंतूंवर सोडियमची ये-जा सांभाळणाऱ्या अतिसूक्ष्म झडपा असतात. विष त्या झडपा मिटूच देत नाही. परिणाम असा की, सगळे मज्जातंतू एकाच वेळी कल्ला करू लागतात आणि शरीरात ॲड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून हातपाय गार पडतात. रक्तदाब चढतो. आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं, आणि मग फुप्फुसांत पाणी साचतं. त्या रात्री आमच्या खालाच्या मुलाच्या तोंडाला आलेला फेस त्या पाण्याचा होता. हे मला फार पुढे, वाचून कळलं.

ज्या डॉक्टरांमुळे हे कळलं ते त्याच सुमारास आमच्याच तालुक्यात येऊन पोचले होते. डॉ. हिम्मतराव बावस्कर. मूळचे जालना जिल्ह्यातले. १९७६ साली ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेली धडधाकट माणसं आणि मुलं डोळ्यांदेखत दगावताना त्यांनी पाहिली. पुस्तकात उपाय नव्हता. ते प्रत्येक रुग्णाशेजारी बसून नाडी, रक्तदाब, श्वास यांची नोंद ठेवत गेले. पुढे पुण्याला जाऊन त्यांनी एम.डी. केलं आणि पुन्हा याच भागात परतले. रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन नावाचं साधं, स्वस्त औषध आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करतं. तेच त्यांनी विंचूदंशावर वापरलं. १९८६ साली त्यांचा आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा लेख 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आला. गंभीर रुग्णांपैकी जिथं पूर्वी शंभरातले तीस-चाळीस दगावत, तिथं ते प्रमाण एक-दोनावर आलं. हाफकिननं लाल विंचवाच्या विषावर प्रतिविषही तयार केलं. प्राझोसिनच्या जोडीला हे प्रतिविष दिलं तर रुग्ण लवकर सावरतो, हे बावस्कर दांपत्यानं ७० रुग्णांच्या अभ्यासातून दाखवलं. तो अभ्यास २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. २०२२ साली डॉक्टरांना पद्मश्री मिळाली.

मग विंचू उतरवणाऱ्यांना पूर्वी यश कसं यायचं? बहुतेक दंश बिनविषारी किंवा थोड्या विषाचे असत. इंगळी चावली तर वेदना होत आणि काही तासांनी आपोआप ओसरत. मंत्र त्याच वेळात म्हटला जाई आणि श्रेय मंत्राला जाई. लाल विंचवानं भरपूर विष टोचलं असेल, तर तो हिंदूंच्या मंत्राला जुमानत नसे आणि आमच्या दुआलाही. माणसामाणसांत भेद न करणारा असा तो एक प्राणी होता.

आता वरच्या मजल्यावरच्या पेटीकडे परत येऊ. सापाची भीती वाटणाऱ्यांनी साप पाळावेत, तसंच हे आहे. ज्याचं भय वाटतं त्याला काचेआड ठेवून रोज पाहण्यात एक नशा असते. विंचू जागा कमी घेतो, आवाज करत नाही, आठवड्याला एखादं झुरळ किंवा नाकतोडा पुरतो, आणि न खाता महिनेच्या महिने राहू शकतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला यापेक्षा सोयीचा प्राणी कोणता? युरोप-अमेरिकेत ही हौस काही दशकांपूर्वी सुरू झाली ती मुख्यतः पश्चिम आफ्रिकेतल्या या सम्राट विंचवामुळे. दिसायला भव्य, स्वभावानं थंड, विष किरकोळ. घाना, टोगो, बेनिन या देशांतून ते खोक्यांनी जाऊ लागले. इतके गेले, की १९९५ साली वन्यप्राण्यांच्या व्यापारावरच्या 'साइटीस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत विंचवाचं नाव घालावं लागलं. तेव्हापासून त्याच्या निर्यातीला परवाना लागतो.

पण हौस एका पायरीवर थांबत नाही. सम्राट सगळ्यांकडे झाला की त्याची मिजास उरत नाही. मग ज्याच्याकडे नाही ते हवंसं वाटतं. कुणाला एकाच डोंगरावर सापडणारी जात हवी असते, कुणाला वाळवंटातला पिवळा 'डेथस्टॉकर', ज्याच्या नावातच मरण आहे. अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेतला हा विंचू आपल्या लाल विंचवासारखाच जीवघेणा. मग लाल विंचूही यादीत येतो. दुर्मीळपणा, आकार आणि धोका, या तीन गोष्टींवर किंमत चढत जाते. चित्रं किंवा तिकिटं जमवणाराही याच वाटेनं जातो. फरक इतकाच, की तिकीट जमवल्यानं कुठली वीण खुंटत नाही.

विंचवाची वीण मात्र खुंटते, आणि त्याचं कारण आपल्याच एका म्हणीत दडलेलं आहे. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. ज्यानं कुणी ही म्हण प्रथम म्हटली त्यानं विंचवी नीट पाहिली होती. विंचवी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लांना जन्म देते. तांदळासारखी पांढरी, मऊ पिल्लं जन्मताच आईच्या पाठीवर चढतात आणि पहिली कात टाकेपर्यंत, म्हणजे आठवडा-दोन आठवडे, तिथंच राहतात. पिल्लं आईला खाऊन बाहेर पडतात, असं आमची दादी सांगायची. ते खरं नाही. आई त्या दिवसांत बीळ सोडत नाही आणि कुणी जवळ आलं तर नांगी उभारते. मोठ्या काळ्या जातींत तर पिल्लं पाठीवरून उतरल्यावरही बरेच दिवस आईच्याच बिळात राहतात.

या बिऱ्हाडाचा वेग फार संथ आहे. सम्राट विंचवाची मादी सात ते नऊ महिने, कधी त्याहून अधिक काळ पिल्लं पोटात वागवते. पिल्लू वयात यायला तीन-चार वर्षं लागतात. म्हणजे शेळीच्या चार-पाच पिढ्या होतात तेवढ्या काळात विंचवाची एक. आता व्यापाऱ्याला सर्वांत फायद्याची मादी कोणती? पोट फुगलेली. एक पकडली की पेटीत वीस-पंचवीस पिल्लं मिळतात. पश्चिम आफ्रिकेत जंगलातून अशा गाभण माद्या आणून, त्यांची वीण पेटीत होऊ देऊन पिल्लं निर्यात करायची पद्धतच पडली. कागदावर ती पिल्लं जंगलातून पकडलेली नसतात, पण जंगलातली आई मात्र गेलेली असते, आणि तिच्यासोबत त्या बिळाची पुढची वर्षंही.

सगळ्या विंचवांना हा धोका सारखा नाही, हेही सांगायला हवं. आपला लाल विंचू चिवट आहे, वीटभट्टीपासून गोठ्यापर्यंत कुठंही तगतो. तो हौशी लोकांमुळे संपणार नाही. धोका आहे तो एखाद्या डोंगराच्या, एखाद्या खडकाच्या आधारानं राहणाऱ्या जातींना. अशा जाती आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि अजून नव्यानं सापडताहेत. भारतीय विंचवांवरचा मोठा ग्रंथ टिकादार आणि बस्तवडे या शास्त्रज्ञांनी १९८३ साली लिहिला. त्यानंतरही नोंदी थांबल्या नाहीत. २०१० साली मुंबईच्या ऐन पोटात, आरे दूध वसाहतीत सापडलेल्या एका विंचवाचं नव्या जातीचा म्हणून वर्णन झालं आणि त्याला आरेचंच नाव दिलं गेलं. दुधाच्या गाडीची वाट पाहणाऱ्या मुंबईकराच्या पायाजवळ, शास्त्राला ठाऊक नसलेला प्राणी राहत होता!

अशा शोधात त्या जांभळ्या बॅटरीचा वाटा मोठा आहे. विंचवाच्या कवचात अशी द्रव्यं असतात, जी अतिनील उजेड पडला की हिरवट चमकतात. पूर्वी दिवसभर दगड उलटून जेवढे विंचू मिळत, त्याहून अधिक आता रात्री तासाभरात नजरेला पडतात. अभ्यासकाला हे वरदान ठरलं. पण बॅटरीला काय कळतं, ती कुणाच्या हातात आहे?

दुर्मीळ जातीचा पत्ता छापला की काय होतं, याचं आपल्याच देशातलं उदाहरण विंचवाच्या एका नातेवाइकाचं, कोळ्याचं आहे. आंध्र प्रदेशात गडद निळ्या रंगाचा एक झाडावर राहणारा मोठा कोळी आहे. १८९९ साली पोकॉक या शास्त्रज्ञानं त्याची नोंद केली, ती गुटी या रेल्वेच्या गावी सापडलेल्या एका नमुन्यावरून. तो बहुधा लाकडांबरोबर रेल्वेनं तिथं आला होता. नंतर शंभर वर्षं तो कुणाला दिसला नाही. २००१ साली नंद्याल आणि गिद्दलूर यांच्यामधल्या जंगलात तो पुन्हा सापडला, आणि काही वर्षांतच परदेशातल्या हौशी बाजारात निळे कोळी चढ्या भावानं विकले जाऊ लागले. आज तो अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे. २०१९ साली त्याच्या साऱ्या कुळालाच साइटीसचं संरक्षण द्यावं लागलं. चोरी एकाच दिशेनं होते असंही नाही. २०२१ च्या जुलैत चेन्नईला पोलंडहून आलेलं एक टपाल पार्सल कस्टमच्या अधिकाऱ्यांनी उघडलं, तर त्यात लहान लहान कुप्यांत १०७ जिवंत कोळी निघाले. २०२० साली कोलंबोच्या विमानतळावर एका प्रवाशाच्या सामानात सुमारे २०० जिवंत विंचू सापडले होते.

महाग विंचवाची आणखी एक बाजू आहे, आणि ती हौशी माणसांची नाही, गरजू माणसांची आहे. "अमुक ग्रॅमच्या वरचा काळा विंचू आणून द्या, लाखो रुपये मिळतील," अशी अफवा अधूनमधून उठते. पाकिस्तानात सिंधच्या वाळवंटी भागात अशा आशेनं गावंच्या गावं रात्री बॅटऱ्या घेऊन हिंडल्याच्या बातम्या येऊन गेल्या. आपल्या रायगड-ठाण्याला हा प्रकार नवा नाही. मांडुळाचं काय झालं ते आपण पाहिलंच आहे. गरीब बिचारा बिनविषारी साप, दोन तोंडांचा आणि धनाचा म्हणून कोटींच्या गप्पा झाल्या, आणि पोलिसांच्या जाळ्यात सापडला तो बहुधा रानातून साप आणून देणारा किंवा मध्यस्थ. कोटी देणारा शेवटचा गिऱ्हाईक कधी कुणी पाहिला नाही.

विंचवाच्या विषाचा भावही असाच फुगवलेला आहे. ते जगातलं सर्वांत महाग द्रव आहे, एका गॅलनला कोट्यवधी डॉलर पडतात, असं ऐकायला मिळतं. प्रयोगशाळेला संशोधनासाठी विषाचा कणभर नमुना विकतात, त्याच्या दराला गॅलननं गुणून हा आकडा काढलेला असतो. विंचू एका वेळी फार तर एक-दोन मिलिग्रॅम विष देतो. गॅलन भरायला लाखो विंचू पिळावे लागतील. डेथस्टॉकरच्या विषातला एक घटक कर्करोगाच्या पेशींना चिकटतो आणि शस्त्रक्रियेच्या वेळी त्या उजळून दाखवायला त्याच्यापासून औषध करण्याचे प्रयत्न झाले, हे खरं. पण असे घटक पुढे प्रयोगशाळेतच बनवता येतात. त्यासाठी कर्नाळ्याच्या रानात रात्री दगड उलटत हिंडायची गरज नाही. शिवाय जगातला सर्वांत वजनदार विंचू म्हणून ज्याचं नाव घेतात तो सम्राटसुद्धा साधारण ३० ग्रॅमचा भरतो. अफवेतला दुप्पट वजनाचा विंचू आणायचा कुठून?

कायदा काय म्हणतो? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. साइटीसच्या यादीतल्या परदेशी प्राण्यांसाठी त्यात वेगळी अनुसूची आहे. असा प्राणी जिवंत ताब्यात असेल, तर त्याची नोंदणी करावी लागते, त्याला पिल्लं झाली, तो मेला किंवा दुसऱ्याला दिला तरी कळवावं लागतं. त्यासाठीचे नियम २०२४ साली आले आणि अर्ज केंद्र सरकारच्या 'परिवेश' या पोर्टलवर करता येतो. सम्राट विंचू या यादीत मोडतो. अभयारण्यातून तर कुठलाही जीव परवानगीशिवाय उचलून आणता येत नाही, मग तो वाघ असो वा विंचू. २००८ साली दार्जिलिंगजवळच्या सिंगालिला राष्ट्रीय उद्यानात किडे गोळा करणाऱ्या दोन चेक नागरिकांना अटक झाली होती, ती हेच न जुमानल्यामुळे.

पण कायद्याच्याही आधी एक साधा प्रश्न आहे, आणि तो मी त्या मुलाला पुढच्या रविवारी विचारला. "बेटा, तू तो डेथस्टॉकर आणलास, आणि एके रात्री पेटीचं झाकण नीट लागलं नाही, तर?" प्रतिविष हे ज्या विंचवाचं त्याच्यासाठीच असतं. हाफकिनचं प्रतिविष आपल्या लाल विंचवासाठी आहे. वाळवंटातल्या परक्या विंचवाचं प्रतिविष पनवेलच्या दवाखान्यात कुणी कशाला ठेवेल? बावस्करांनी आयुष्य घालवून जे मरण कोकणातून जवळजवळ हद्दपार केलं, ते आपण पैसे देऊन तिसऱ्या मजल्यावर आणायचं? खालच्या मजल्यावर रांगतं मूल आहे, हे त्यालाही ठाऊक होतं.

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "चाचा, कागदपत्रांचं मला कुणी सांगितलंच नव्हतं. मग याला टेकडीवर सोडून देऊ का?" मी म्हटलं, तेवढं करू नकोस. परका प्राणी इथल्या रानात सोडणं म्हणजे एक चूक झाकायला दुसरी. वन विभागाला लेखी कळव, ते सांगतील तसं कर. पुढचे दोन विंचू मागवायचे त्यानं रद्द केले. अर्ज लिहून तयार आहे, अजून दिलेला नाही. मी जिन्यात भेटलो की तो आधीच म्हणतो, "या आठवड्यात नक्की, चाचा."

सगळा दोष मी त्याच्यावर टाकत नाही. आमची खांदा कॉलनीसुद्धा सिडकोनं वसवली तेव्हा इथल्या मातीत कुणाची तरी बिळं असतीलच. विमानतळासाठी उलव्याची टेकडी उतरवली, तेव्हा तिथले दगड कुणी मोजून उलटले नाहीत. हौशी माणसाच्या पेटीपेक्षा आपल्या यंत्रांनी कितीतरी अधिक बिऱ्हाडं मोडली आहेत. आम्हीही महाड, सातारा, खानदेशातून पाठीवर बिऱ्हाड घेऊनच इथं आलो. म्हणून तर त्या मुलाशी भांडावंसं वाटलं नाही, बोलावंसं वाटलं.

श्रोत्यांपैकी कुणाला कधी विंचू चावलाच, तर एवढं लक्षात ठेवा. जागा कापू नका, दोरी आवळू नका, चावल्याची वेळ पाहून ठेवा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा. मूल असेल तर जराही थांबू नका. घाम, उलटी, गार पडलेले हातपाय ही धोक्याची खूण आहे. मंत्र आणि दुआ गाडीत बसूनही म्हणता येतात.

त्या मुलानं आपली बॅटरी मला दिली. गेल्या उन्हाळ्यात गावी गेलो तेव्हा ती घेऊन गेलो. रात्री खालाच्या घराची मागची पडवी अंधारी करून भिंतीवर उजेड टाकला, तर जांभ्याच्या फटींत दोन ठिकाणी हिरवं चमकलं. सुनेनं लगेच नातवाचं अंथरूण भिंतीपासून हात-दीड हात दूर ओढलं. खाला आता ऐंशीच्या पुढे आहे. तिनं बॅटरी हातात घेतली, कोपऱ्या-कोपऱ्यातून फिरवली, पेंढ्यावर जरा जास्त वेळ धरली. मग विचारलं, "केवढ्याला मिळते रे ही?"

मी म्हटलं, "दोन-तीनशे रुपयांना."

"एवढीच?" ती म्हणाली, आणि बॅटरी तिनं स्वतःच्या उशाशी ठेवून घेतली.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)